पंधरावं नाव

निरोगी मुलांचा मला आयुष्यात एकदाच राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी काय केलं ते सांगते. सांगून हलकं वाटेल असं मला मुळीच वाटत नाही. पण लोक मला अजून "आमच्या सिस्टर म्हणजे देवमाणूस" म्हणतात, ते ऐकून कानशिलं तापतात, म्हणून सांगते.

मी शाळेत नर्स आहे. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. पूर्वी ती तळमजल्यावर होती, पण तिथे कॉम्प्युटर ठेवले. का, तर म्हणे कॉम्प्युटर वर चढवायला जड पडतात. आजारी पोरं आपली आपण चढून येतात ना! खोलीत एक लोखंडी खाट, एक वजनकाटा, औषधांचं कुलूपबंद कपाट आणि लहान फ्रीज. त्या फ्रीजमध्ये मी कुणाला पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाही, कारण त्यात लिमलेटचं इन्सुलिन असतं.

लिमलेट पहिलीतली. तिला लहान वयातला मधुमेह आहे. साखर एकदम उतरली तर चघळायला म्हणून तिच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या असतात, त्यावरून पोरांनी नाव पाडलं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी ती वर येते, बोट पुढे करते, मी टोचून साखर बघते आणि मग दंडावर इंजेक्शन देते. ती रडत नाही. फक्त विचारते, "आज किती?" आणि मी आकडा सांगितला की परीक्षेचा निकाल लागल्यासारखी मान हलवते. तिची आई कपडे शिवायच्या कारखान्यात आहे. मशीन सोडून दुपारी यायचं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर दुसरीच कुणी बसलेली असेल. शाळेत माझ्याशिवाय कुणी सुईला हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे.

एकदा मी चार दिवस तापाने घरी पडले होते. मी नाही म्हणून आई लिमलेटला सकाळीच जास्तीचा डोस देऊन पाठवायची. तिसऱ्या दिवशी पोरीची साखर उतरली, ती बाकाखाली जाऊन बसली आणि थरथरायला लागली. बाईंना वाटलं नाटक करतेय. त्यांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती तिथेच भिंतीला घासत खाली आली. वाचली ती, पण अर्धा दिवस तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मी ताप असला तरी येते.

आता नियमाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. शाळेतल्या आरोग्यासाठी सरकार जो निधी देतं, तो डोकी मोजून देतं. ज्या शाळेत कायमचा आजार असलेली पंधरा मुलं आहेत, तिथे रोजची नर्स. पंधरापेक्षा एक जरी कमी झालं, तर नर्स आठवड्यातून दोन दिवस. उरलेले दिवस तिने इतर शाळा फिरायच्या. साखरेला आठवड्यातून दोनच दिवस चढायचं असतं हे त्या नियम करणाऱ्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

आमच्याकडे बरोबर पंधरा होती. आठ दम्याची, चार फिट येणारी, दोन रक्ताच्या आजाराची आणि एक लिमलेट. मग एका दमेकरी पोराच्या बापाची बदली झाली. सामान भरलं, पोराला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, आणि माझा पंधरावा टेम्पोत बसून टाटा करत निघून गेला. त्याच्या खिशात मीच दिलेला नवा पंप होता.

यादी पाठवायला नऊ दिवस राहिले होते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दार लावून माझ्यासमोर बसल्या. "शोध," म्हणाल्या. "साडेचारशे पोरांत एक सापडत नाही?"

मी वर्गच्या वर्ग वर बोलावले. देवाशप्पथ सांगते, इतक्या मन लावून मी कधी पोरं तपासली नव्हती. डोळे अधू असलेली निघाली छत्तीस. डोळे यादीत धरत नाहीत. दात किडलेली निम्मी शाळा. दात धरत नाहीत. बरगड्या मोजता येतील अशी किती निघाली विचारू नका. भूक हा आजार नाही, असं त्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. छातीला नळी लावायची, श्वास घे म्हणायचं, आणि घरघर ऐकू आली नाही की मनातल्या मनात चरफडायचं. एका पोराला छान खोकला आला तेव्हा माझा जीव सुपाएवढा झाला. तीन दिवसांत मेला तो खोकला. सहाव्या दिवशी मी एका ठणठणीत पोराला "जा, निघ इथून" म्हणून जवळजवळ ढकललंच. ते बिचारं "थँक यू सिस्टर" म्हणून गेलं.

सातव्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या, "संशयित चालतं ना गं?"

चालत होतं. आजाराची खात्री मोठ्या इस्पितळातले डॉक्टर करणार, पण त्यांच्याकडे नंबर लागायला वर्ष जातं. तोवर "संशयित" लिहिलं तरी पोर मोजलं जातं. शाळेचे डॉक्टर वर्षातून दोनदा येतात, चहा पितात आणि मी पुढे ठेवलेल्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर न बघता सह्या करून जातात. तिथे अडचण नव्हती. अडचण एवढीच, की नाव कुणाचं लिहायचं.

इथे मी माझी हुशारी चालवली. मी म्हटलं, अशक्त पोराचं नाव नको. खरंच काही झालं तर खोटा कागद अंगाशी येईल. नाव घालायचं तर शाळेतल्या सगळ्यात दणकट पोराचं. त्याला कागदाने काय होणार? ते माझ्या खोलीत येणार नाही, माझा वेळ खाणार नाही, मजेत हुंदडत राहील आणि यादीत निमूट पडून राहील. इतकं साधं. आणि दणकट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं, जिराफ.

जिराफ सातवीत होती. उंच, नुसते पाय. दोन वर्षांत माझ्याकडे एकदाच आली होती, फुटलेला गुडघा घेऊन, आणि औषध वाळायच्या आत पळाली होती. तिची आई आमच्याच शाळेत झाडू-फरशी करते. तिला सगळे मावशी म्हणतात. तेही माझ्या सोयीचं होतं, लपवून काय करू? पालकाची सही लागते. दुसऱ्या पालकाने दहा प्रश्न विचारले असते. मावशी बादली ठेवून, हात पुसून आली आणि म्हणाली, "कुठे करू?"

"वाचून तरी घे," मी म्हटलं. आणि अंगठा कागदावर असा ठेवला की वाचायचं तेच झाकलं जावं.

"तुम्ही सांगताय म्हणजे झालं की, सिस्टर." तिने जीभ दातांत धरून, हळूहळू, एकेक अक्षर काढत सही केली. "कसलं आहे पण?"

"तपासणीचं गं. सगळ्यांचंच असतं."

कॉम्प्युटरवर मी आजार निवडला, "संशयित हृदयविकार". दमा लिहिला असता तर कुणीही छाती ऐकून खोटं पाडलं असतं. हृदयाचं तसं नसतं, तिथे मोठ्या डॉक्टरशिवाय कुणी तोंड उघडत नाही. मी तो शब्द निवडल्याबरोबर खालच्या रकान्यात आपोआप एक खूण पडली, "सर्व खेळ बंद". मी ती पाहिली. पाहिली आणि पुढे गेले. पाचला कॉम्प्युटरची खोली बंद होते आणि पाचला दहा मिनिटं होती.

निधी मंजूर झाला. मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. लिमलेटची आई एक दिवस कामाला जाता जाता फाटकापाशी थांबली आणि माझे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. मला त्या वेळी खरंच वाटलं, की मी चांगलं काम केलंय.

महिन्याभराने खेळाचे सर दणदण जिना चढून आले. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि ते बोलतातही शिट्टीसारखेच, म्हणून शिट्टी सर. त्यांच्या हातात एक सरकारी छापील पत्र होतं.

"हे काय आहे हो सिस्टर? जिराफला बाद केलंय! आठशे मीटरची पोर आहे ती. शनिवारी क्रीडा वसतिगृहाची निवड आहे. राहणं, जेवण, शाळा, दहावीपर्यंत सगळं फुकट. मी दोन वर्षं तिच्यावर मेहनत घेतोय आणि हे म्हणतात हृदयविकार?"

वसतिगृहाचं मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर? कोण जाणे. मी तोंड गंभीर केलं आणि म्हटलं, "सर, छातीत आवाज आहे. मी काय करू?"

"आवाज! ती धावते तेव्हा मला सायकल घ्यावी लागते तिच्यामागे!"

"आणि मैदानावर पडली तर? पेपरात तुमचं नाव येईल, माझं नाही."

सर खिशातून दुसरा कागद काढून म्हणाले, "पालकाने जबाबदारीपत्र दिलं तर धावता येतं. पोर धडधाकट आहे, काही झालं तर जबाबदारी माझी, असं. आजारी मुलांच्या यादीतून नावच कमी होतं मग. मी मावशीला कागद दिलाय. उद्यापर्यंत सही पाहिजे."

ते गेले आणि मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. पेनचं टोपण काढलं, लावलं. "मावशीने सही केली की नाव यादीतून जाईल. नाव गेलं की चौदा. पुढच्या महिन्यापासून तू इथे दोन दिवस, आणि लिमलेटच्या आईला मी बोलावून सांगेन, की पोरीला घरी ठेवा. शाळा जोखीम घेणार नाही." मग हळू आवाजात, "तुझं वय काय गं आता? बावन्न? तीन तीन शाळा फिरशील?"

म्हणजे बघा, नुसती लिमलेट नव्हती. माझे गुडघे होते, माझा पगार होता. कुणी विचारलं तर मी लिमलेटचंच नाव सांगते. लिमलेटचं नाव सांगायला बरं असतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बाराच्या सुमाराला मावशी वर आली, कामाच्या कोटाच्या खिशात तो कागद घडी करून. मागे जिराफ, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी वाढलेली. मावशीचं तोंड सुजलं होतं. रडून रडून सुजतं तसं.

"सिस्टर, मला आधी का नाही सांगितलंत?"

"घाबरली असतीस."

"कालपासून पोरीला पाण्याची घागर उचलू दिली नाही मी. रात्रभर तिचा श्वास बघत बसले. सर म्हणतात सही कर, पोरगी वाघीण आहे. मोठा दीर म्हणतो, सिस्टर काय खोटं लिहितील? मी कुणाचं ऐकू?" तिने कागद माझ्या टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. पेन तिने स्वतःचं आणलं होतं. "तुम्ही सांगाल ते. करू म्हणालात तर आत्ता करते."

"मला काही होत नाही, सिस्टर," जिराफ म्हणाली. "धावताना छातीत दुखत नाही. चक्कर येत नाही. काहीच नाही."

"दुखत नाही हेच वाईट असतं," मी म्हटलं. वाक्य कसं आलं तोंडात, मला माहीत नाही. पण चांगलं घट्ट आलं.

"मग मला ऐकू द्या."

"काय?"

"तो आवाज. माझ्या छातीत आहे ना? मला ऐकायचाय." तिने हात पुढे केला. भीती नव्हती त्या पोरीच्या डोळ्यांत, राग होता. मी खोटी ठरणार याची तिला खात्री होती. अहो, ठरणारच होते मी! तिने जरा नेट धरला असता तर मी तिथेच गळाठले असते.

मी नळी काढली. कानातले तुकडे तिच्या कानांत घातले, चकती तिच्या छातीवर डाव्या बाजूला धरली. मी आधी ऐकलंच होतं. स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ हृदय मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

तिने कधी कुणाचं काळीज ऐकलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले.

"दोन आवाज येतायत," ती म्हणाली. "एक ठक. आणि लगेच दुसरा, जरा हलका."

आणि मी, सत्तावीस वर्षं नर्स असलेली, प्रत्येक धडधाकट छातीत हेच दोन आवाज ऐकलेली बाई, म्हटलं, "तो दुसराच. तो यायला नको."

तिचा राग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. खांदे आधी गेले. मग तिने चकती स्वतःच्या हातात घेतली, जरा वर धरली, जरा खाली, निदान एखाद्या जागी तरी दुसरा आवाज नसेल म्हणून. प्रत्येक ठिकाणी थांबायची आणि ऐकायची. शेवटी तिने नळी कानांतून काढून आईच्या कानांत घातली.

मावशी हातातलं पेन न सोडता वाकली. बराच वेळ ऐकलं तिने. "आहे गं," ती म्हणाली. "आहे. एक... आणि दुसरा. किती स्पष्ट आहे, सिस्टर! नुसता ठोकतोय."

"आई, तुझं ऐकू दे," जिराफ एकदम म्हणाली. "तुझ्यात एकच आहे का बघू."

मी झडप घालून नळी ओढून घेतली. मावशीच्या कानाला ओरखडा गेला. "खेळणं आहे का ते? डोकं फिरलंय का तुमचं? मला दुसरी पोरं नाहीत?" माझा आवाज चिरकला होता. आणि मावशीने, ज्या मावशीचा कान मी ओरबाडला होता, तिने पोरीला दटावलं, "सिस्टरांना त्रास देऊ नको."

मग तिने कागद उचलला, घडी केली, पुन्हा घडी केली, फाडला. तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. डबा तिनेच सकाळी रिकामा केला होता.

"उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. "मी सही करणार होते. घरून निघाले तेव्हा सही करायचीच असं ठरवून निघाले होते. माझ्या हाताने मारली असती मी पोरीला." तिने माझ्या टेबलाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

मी जिराफला म्हटलं, "अभ्यासात लक्ष घाल, धावून कुणाचं पोट भरलंय?" हेही मीच म्हटलं.

त्या निघाल्या तेव्हा जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता आणि लिमलेट वर आली होती. दारात तिने जिराफसाठी बाजूला होऊन जागा दिली. मी फ्रीज उघडला, कुपी काढली, तिचं बोट पुसलं. तिने विचारलं, "आज किती?" मी सांगितलं. तिने मान हलवली. दंड पुढे केला.

उघड्या दारातून मला जिना दिसत होता. मावशीने पोरीला दंडाला धरलं होतं. जिराफने एक हात छातीवर ठेवला होता, एक पाय खाली टाकायची, दुसरा त्याच पायरीवर आणायची, थांबायची, आणि आत काय वाजतंय ते ऐकून मग पुढची पायरी उतरायची. हीच पोरगी तो जिना तीन उड्यांत उतरायची, आणि मी रोज वरून ओरडायचे. मी इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरला, लिमलेटला खाली जेवायला पाठवलं. ती धावत त्या दोघींना ओलांडून गेली, तेव्हा त्या अजून पहिल्या वळणावरच होत्या.